दुचाकीचा गंभीर अपघात आणि भरपाई : आमच्या विमाधारकांसाठी

हे पत्रक आम्ही दुचाकीच्या पॉलिसीबरोबर देतो. ते डिकीत ठेवू नका, घरात ठेवा. वेळ आली तर ते वाचायचे काम घरच्यांवर येणार आहे.

समोरच्या वाहनाच्या चुकीने तुम्ही जखमी झालात, तर भरपाई त्या वाहनाच्या थर्ड पार्टी विम्यातून, म्हणजे त्या वाहनाने दुसऱ्याला केलेल्या इजेच्या विम्यातून, मिळते. ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागायची. साताऱ्यात हे काम जिल्हा न्यायालयात चालते, कराडलाही चालते. अपघात पुण्यात झाला असला तरी तुम्ही जिथे राहता तिथे अर्ज करता येतो.

दवाखान्यातला पहिला कागद

जखमीला दाखल करताना डॉक्टर विचारतात, कसे लागले? पोलिसांची कटकट नको, मेडिक्लेम अडायला नको, म्हणून घरचे सांगून टाकतात, "गाडीवरून घसरून पडला." तेच केसपेपरवर उतरते. पुढे विमा कंपनीचा वकील नेमका तो कागद काढतो आणि म्हणतो, दुसरे वाहन नव्हतेच. घाबरलेल्या माणसाच्या एका वाक्याने खरा दावा अडचणीत येतो, याचे आम्हाला फार वाईट वाटते. जे घडले तेच सांगा : कोणत्या वाहनाने, कुठे, किती वाजता ठोकले. एमएलसी नोंद, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची दवाखान्यातली नोंद, झाली का ते विचारा. फिर्याद द्यायला उशीर झाला, तर उशिराचे कारण फिर्यादीतच लिहायला लावा. तिची प्रत फुकट मिळते.

पैशांसाठी उपचार थांबवू नका. ११२ वर फोन करा. २०२५ च्या केंद्राच्या योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत उपचार रोख न भरता होतात.

गळीत हंगामात आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या अंधारात रस्त्यातच उभ्या असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. अशा ट्रॉलीवर गाडी आदळली तर सोबतच्या कुणीतरी त्याच रात्री फोटो काढावेत, कारण सकाळी ट्रॉली तिथे नसते. ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा, दोन्ही नंबर टिपा. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते आणि विमा नक्की कशाचा होता यावरून पुढे वाद होतो.

समोरच्या वाहनाचा मालक दवाखान्यात पैसे घेऊन येतो आणि "मिटवून टाकू" म्हणतो. पाय पुन्हा पूर्ण वाकेल की नाही हे तेव्हा डॉक्टरांनाही माहीत नसते. कशावरही सही करू नका.

मुदत

१ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करण्याची अट कायद्यात आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर बसू नका. उपचार चालू असतानाही अर्ज करता येतो.

रक्कम कशी ठरते

समजा, ३२ वर्षांच्या गवंड्याची कमाई महिना १५,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,८०,०००. वय चाळिशीच्या आत आणि काम स्वतःचे, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरले की २,५२,००० होतात. गुडघा वाकत नाही, त्यामुळे कमाईची ताकद ४० टक्के गेली असे न्यायालयाने मानले, तर वर्षाचे नुकसान १,००,८००. या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानाला ज्या आकड्याने गुणतात तो, १६; म्हणून एकूण १६,१२,८०० रुपये. दवाखान्याचा खर्च, वेदना, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च याशिवाय.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. सर्टिफिकेटवरचे अपंगत्वाचे टक्के आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोच गुडघा कारकुनाला टेबलाशी बसू देतो, गवंड्याला परांचीवर चढू देत नाही. तुम्ही रोज नक्की काय काम करत होता, हे वकिलाला तपशिलात सांगा आणि सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष होईल असे पाहा.

शेतकऱ्यांना वाटते, आमच्याकडे कुठली पगाराची स्लिप? पण दूध डेअरीची बिले, कारखान्याची ऊसबिले, बँकेचे पासबुक, सातबारा हे सगळे कमाईचे पुरावे आहेत. काहीच नसेल तर न्यायालय अंदाजाने उत्पन्न धरते आणि तो अंदाज बहुधा कमीच असतो. औषधांच्या चिठ्ठ्या, एक्स-रे, अँब्युलन्सची पावती, डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवा. मेडिक्लेमला मूळ बिले द्यायची असतील तर आधी झेरॉक्स काढा. मेडिक्लेममधून मिळालेले पैसे भरपाईतून वजा करायचे नाहीत, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा २०२५ चा निकाल आहे.

नेहमीच्या शंका

हेल्मेट नव्हते म्हणून दावाच करता येत नाही, हे खरे नाही. डोक्याला मार असेल तर कंपनी तो मुद्दा काढणार, एवढेच. मागे बसलेल्यालाही समोरच्या वाहनाकडून भरपाई मागता येते.

ठोकून पळालेले वाहन सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून गंभीर जखमीला ५०,००० आणि मृत्यू झाल्यास २ लाख मिळतात. चूक कुणाची हे सिद्ध न करता मिळणारी अडीच लाखांची तडजोडही कायद्यात आहे, पण ती स्वीकारली की मोठा दावा संपतो.

आणि गाडी खरोखरच स्वतः घसरली असेल, तर थर्ड पार्टी विमा उपयोगाचा नाही. तेव्हा १५ लाखांचे वैयक्तिक अपघात कवच पाहा. ते मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे लायसन्स असेल तरच लागू होते, आणि तेही मृत्यू किंवा कायमचे मोठे अपंगत्व आले तरच. नुसत्या फ्रॅक्चरला त्यातून काही मिळत नाही.

टक्केवारी ठरवून कोऱ्या वकीलपत्रावर सह्या घेणाऱ्या माणसांपासून लांब राहा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. निकाल मान्य नसेल तर ९० दिवसांत अपील करता येते. ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबईला जावे लागत नाही, कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आहे.

आम्ही वकील नाही. तुमच्या पॉलिसीची प्रत देणे, समोरच्या गाडीच्या नंबरावरून तिचा विमा शोधणे आणि कागदांची पिशवी एकदा तपासून देणे, एवढे आम्ही करतो. त्याचे पैसे घेत नाही. घरातले कोणीही आले तरी चालेल.