राज्याभिषेक अंडे

रशियाचा झार दुसरा निकोलस याने १८९७ च्या ईस्टरला आपली पत्नी अलेक्सांद्रा हिला भेट दिलेले सोन्याचे रत्नजडित अंडे. पीटर्सबर्गच्या कार्ल फाबर्जे यांच्या पेढीने ते घडवले. ईस्टरला रंगवलेली अंडी एकमेकांना देण्याचा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती रिवाज जुना आहे. निकोलसचा पिता झार तिसरा अलेक्झांडर याने १८८५ मध्ये राणीसाठी फाबर्जेकडून अंडे करून घेतले आणि राजघराण्यात त्याची वार्षिक प्रथा पडली. १९१६ पर्यंत अशी ५० अंडी पोहोचती झाली. १९०४ आणि १९०५ ही दोन वर्षे मात्र कोरडी गेली.

हे अंडे मे १८९६ मध्ये मॉस्कोत झालेल्या राज्याभिषेकाची आठवण म्हणून केलेले आहे. उंची साधारण १२.७ सेंमी. पिवळ्या मीन्यावर (धातूवर भाजून बसवलेल्या रंगीत काचेवर) हिरवट सोन्याच्या लॉरेल-पानांची जाळी असून तिच्या प्रत्येक सांध्यावर काळ्या मीन्याचा दुमुखी गरुड आणि त्याच्या छातीवर हिरा आहे. (सोन्यात चांदी मिसळली की ही हिरवट छटा येते, तांबे मिसळले की लाली.) माथ्यावरच्या सपाट हिऱ्याखाली राणीची आद्याक्षरे दिसतात, तळाच्या हिऱ्याखाली वर्ष. पेढीचे मुख्य कारागीर मिखाईल पेर्खिन आणि हेन्रिक विगस्ट्रॉम यांच्या देखरेखीखाली काम झाले.

आत मखमलीच्या अस्तरात ९.४ सेंमी लांबीची बग्गी बसते. राणीने मॉस्कोत प्रवेश केला त्या १७९३ च्या बग्गीची ही प्रतिकृती जॉर्ज स्टाइन याने केली. चाकांना प्लॅटिनमच्या धावा, खिडक्यांना स्फटिक. दारे उघडतात, पायऱ्या उलगडतात, चाके फिरतात. तिला १५ महिने लागल्याचे सांगतात. राज्याभिषेक ते ईस्टर हे अंतर ११ महिन्यांचेच असल्याने, हा आकडा खरा धरला तर काम सोहळ्याआधीच सुरू झाले असले पाहिजे. बग्गीत पूर्वी पाचूचा लोलक लटकत असे. तो हरवला आहे.

पाहणाऱ्यांचे लक्ष बग्गी वेधून घेते. कारागिराच्या दृष्टीने अवघड काम कवचाचे. पारदर्शक मीन्याखाली सोन्यावर किरणांसारखी नक्षी यंत्राने कोरलेली असते. या तंत्राला ‘गियोशे’ म्हणतात. नक्षीचा लेथ वस्तूला फिरवता फिरवता झुलवतो आणि छिन्नी रेषा कापत जाते. चराची खोली बदलली की त्यात बसणाऱ्या काचेची जाडी बदलते आणि रंग डागाळलेला दिसतो. मीन्याची काच खलात पाण्यासह वाटून, पाणी नितळ होईपर्यंत धुतात. दुधाळ गाळ राहिला तर पारदर्शकता जाते. तिचा पातळ थर देऊन पूर्ण वाळवतात, कारण ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन थर उडतो. मग ७०० ते ८०० अंश सेल्सिअसला काही मिनिटे भाजतात. असे पाच-सहा थर चढतात. फुगीर पृष्ठभागावर वितळलेली काच खाली ओघळू पाहते, म्हणून एकदम जाड थर देता येत नाही. निवताना सोने आणि काच सारखी आकसत नाहीत. हा ताण तोलण्यासाठी मीनाकामात एरवी आतल्या बाजूलाही मीना देतात. नाही तर तडे जातात. शेवटी लाकडी चाकावर आणि मऊ चामड्याने तासन्‌तास घासून झिलई आणतात. मीना झाल्यावर डाग देण्याची (धातूचे सांधे वितळवून जोडण्याची) सोय उरत नाही, त्यामुळे ज्वाळेची सगळी कामे आधीच उरकावी लागतात.

अंड्याची किंमत ५,६५० रूबल होती. क्रांतीनंतर ते जप्त झाले आणि १९२७ मध्ये सोव्हिएत सरकारने ते लंडनच्या वार्टस्की पेढीला विकले. १९७९ मध्ये ते अमेरिकन प्रकाशक माल्कम फोर्ब्स यांच्या संग्रहात गेले. २००४ मध्ये रशियन उद्योगपती व्हिक्टर वेक्सेलबर्ग यांनी त्या संग्रहातली झारांची नऊही अंडी खरेदी केली. सेंट पीटर्सबर्गच्या शुवालोव्ह राजवाड्यात २०१३ मध्ये उघडलेल्या फाबर्जे संग्रहालयात ते ठेवलेले आहे.