मॉकटेल वेगळं, पेअरिंग वेगळं

टेस्टिंग मेन्यूचं, म्हणजे एकामागून एक छोटे कोर्स येणाऱ्या जेवणाचं, टेबल बुक झालं, दारू घ्यायची नाही, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: 'मग मॉकटेल घेऊ.' आणि मेन्यूवर 'नॉन-अल्कोहोलिक पेअरिंग', म्हणजे प्रत्येक कोर्सला जुळवून दिलेलं बिनदारूचं पेय, दिसलं की दुसरं: 'म्हणजे मॉकटेलच, फक्त महाग.' दोन्हींत दारू नसते एवढंच त्यांच्यातलं साम्य. तरी वाढणाऱ्यांपासून खाणाऱ्यांपर्यंत सगळे ही दोन नावं खुशाल अदलाबदल करून वापरतात, आणि मग आठव्या कोर्सला पोट तट्ट फुगलेलं आणि जीभ चिकट झालेली असते.

मॉकटेल काय असतं हे सांगायला नको. फळाचा रस, सिरप, लिंबू, सोडा, भरपूर बर्फ, वर पुदिन्याची काडी; उंच ग्लासात 250 ते 300 मिली. ते नुसतं प्यायला बनवलेलं असतं, म्हणून गोड, आंबट, कडू यांचा तोल त्या ग्लासातच पुरा केलेला असतो. मॉकटेल जितकं चांगलं, तितका हा तोल पक्का.

पेअरिंगचं पेय मुद्दाम अपुरं ठेवलेलं असतं. नुसतं चाखलं तर बहुतेकांचं तोंड वाकडं होईल: फार आंबट, फार तुरट, कधी चक्क खारट. त्यात जे कमी आहे ते ताटातून यायचं असतं. लोण्याचा, चरबीचा घास तोंडात असताना तोच आंबटपणा रुचतो आणि तोच तुरटपणा जीभ पुसून पुढच्या घासाला मोकळी करतो. म्हणून पेअरिंगचं पेय आल्या आल्या घोट घेऊन 'हे काही खास नाही' असा शेरा मारू नये. घोट, घास, पुन्हा घोट. दुसरा घोट पहिल्यापेक्षा बरा लागला तर पेअरिंग जमलं. दोन्ही घोट सारखेच छान लागले तर ते मॉकटेलच आहे, नाव काहीही असो.

फरकाचं मूळ साखरेत आहे. युरोपीय महासंघाच्या नियमांप्रमाणे ड्राय वाइनमध्ये लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर चालते; आम्लता पुरेशी असेल तर 9 ग्रॅमपर्यंत. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसात ती लिटरमागे 80 ते 110 ग्रॅम असते. आता 75 मिलीचे आठ ग्लास धरा. ड्राय वाइनमधून सगळी मिळून दोन-तीन ग्रॅम साखर जाते, रसातून 50 ग्रॅमच्या आसपास, आणि सिरप घातलेल्या मोठ्या ग्लासांचा हिशोब तर न केलेलाच बरा. प्रश्न निव्वळ कॅलरींचा नाही. गोड घोटानंतर खारट पदार्थ आंबट आणि पोकळ लागतो, सॉसमधला नाजूक गोडवा दिसेनासा होतो. डेझर्टबरोबरची वाइन डेझर्टपेक्षा गोड असावी, हा जुना नियम याच कारणाने आहे. जेवणभर गोड पेय घेणं म्हणजे प्रत्येक कोर्सवर तोच अन्याय करणं.

साखर काढली तर उरतं काय, हा बनवणाऱ्यापुढचा खरा प्रश्न. वाइन जेवणात तीन कामं करते. आम्ल चरबी कापतं. टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट अंश, लाळेतल्या प्रथिनांना धरून तोंड कोरडं करतं, आणि अल्कोहोल ऊब, भरीवपणा देतं आणि वास वर आणतं. पहिलं काम सोपं आहे: कच्च्या द्राक्षांचा आंबट रस म्हणजे व्हर्जू, व्हिनेगर, आंबवलेल्या भाज्यांचं पाणी, कोंबुचा म्हणजे आंबवलेला चहा. दुसऱ्यासाठी चहासारखं काही नाही. डाळिंबाची साल किंवा द्राक्षाच्या साली हेही चालतं. तिसरं काम अवघड. आलं, मिरी, मोहरी यांनी घशात थोडी ऊब आणता येते, मिठाने भरीवपणाचा भास होतो, पण अल्कोहोलची हुबेहूब जागा कशानेच भरत नाही. चांगले लोक ती भरायला जातही नाहीत.

एक पेय जवळून पाहू. समोर भाजलेलं बदक आणि गडद, चकचकीत सॉस आहे. ग्लासात एक भाग बीटचा रस, तीन भाग लापसांग सूशाँग हा धुराचा वास असलेला काळा चहा, थोडा आंबट चेरीचा रस, ठेचलेली काळी मिरी आणि चिमूटभर मीठ. चहा लिटरमागे 10 ग्रॅम, गार पाण्यात, फ्रिजमध्ये 8 तास भिजवलेला. उकळत्या पाण्यात करून गार केला तर दोन घोटाळे होतात: कडवटपणा जास्त उतरतो, आणि गार होताना कॅफिन आणि पॉलिफेनॉल (चहातले तुरट घटक) एकमेकांना धरून पेय गढूळ होतं. बीटचं प्रमाण वाढवलं तर गोडवा वर येतो आणि मातकट वास बदकावर चढतो. चेरीचं आम्ल तो वास दाबतं, म्हणून चेरी फक्त रंगापुरती नाही. ग्लास 14 ते 16 अंशांवर यायला हवा. थेट फ्रिजमधून 4 अंशांवर आणला की वास मिटतो आणि तुरटपणा टोचतो. रेसिपी बरोबर असूनही पेय फसतं ते बहुतेक इथे, आणि सगळं काही बर्फगार देण्याची बारवाल्यांची खोड त्याला कारणीभूत असते.

मापही वेगळं. पेअरिंगचा ग्लास 60 ते 90 मिलीचा असतो. तो पाहून 'एवढंसंच?' म्हणणाऱ्यांनी दहा कोर्स मोजावेत. तीन मॉकटेल म्हणजे पाऊण लिटर किंवा त्याहून जास्त पाणी, साखर आणि गॅस, तेही तीन-चार तासांच्या जेवणात.

आता उलट बाजू. नाव पेअरिंग असलं म्हणून आत पेअरिंग असेलच असं नाही. कोपनहेगनच्या 'नोमा'सारख्या रेस्टॉरंटांनी ज्यूस पेअरिंग नावारूपाला आणलं, आणि नक्कल करणाऱ्यांनी त्यातला फक्त ज्यूस उचलला. बुकिंग करतानाच दोन प्रश्न विचारा: पेयं किचन बनवतं की बार, आणि त्यातली गोड किती? 'किचन' आणि 'डेझर्टबरोबरची एक-दोन' अशी उत्तरं आली तर पेअरिंग बिनधास्त घ्या. 'तुम्हाला आवडेल ते बनवून देऊ' हे उत्तर आलं तर समजा की मॉकटेलच येणार. मग साधं सोड्याचं पाणी आणि मधे एखादा चांगला चहा, यावर जेवण कितीतरी चांगलं होतं. त्यात कसलाही कमीपणा नाही.

अल्कोहोल काढलेली वाइन हा तिसराच प्रकार, आणि तिलाही लोक पेअरिंग समजतात. ही आधी पूर्ण वाइन असते. मग निर्वात दाबाखाली, साधारण 30 अंशांवर, किंवा रिव्हर्स ऑस्मोसिसने तिच्यातलं अल्कोहोल काढतात. त्याबरोबर भरीवपणा आणि बराचसा वास जातो, आम्ल उघडं पडतं, आणि ते झाकायला पुष्कळ उत्पादक साखर किंवा द्राक्षरस घालतात. म्हणजे पुन्हा तीच गोडी. फसफसणारी असेल तर बुडबुडे पोकळी भरून काढतात; सुरुवातीच्या छोट्या घासांबरोबर एक ग्लास छान जातो. रेड मात्र टाळाच. बदकाबरोबर ती घेण्यापेक्षा वरचा चहा शंभर पटींनी बरा.

'झीरो', 'अल्कोहोल-फ्री', 'नॉन-अल्कोहोलिक' यांच्या व्याख्या देशागणिक बदलतात. अमेरिकेत 'नॉन-अल्कोहोलिक' म्हणजे 0.5 टक्क्यापेक्षा कमी, जर्मनीत 0.5 टक्क्यापर्यंतची बिअर 'अल्कोहोल-मुक्त' म्हणून विकता येते. चवीने पिणाऱ्याला यानं फरक पडत नाही. धर्म, औषध, गरोदरपण किंवा व्यसनमुक्ती यांपैकी काही कारण असेल तर पडतो, आणि तेव्हा 'मी पीत नाही' एवढं सांगून भागत नाही. 'अजिबात चालत नाही' असं सांगावं लागतं, आणि तेही किचनला. कारण ग्लासापेक्षा ताटात जास्त सापडतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार सॉस 15 मिनिटं उकळल्यावरही घातलेल्या अल्कोहोलपैकी 40 टक्के उरतं, तासाभराने 25 टक्के, अडीच तासांनी 5 टक्के. पेटवून दिलेल्या पदार्थात तर 75 टक्के. 'शिजवल्यावर उडून जातं' हे ठामपणे सांगणारा वेटर भेटला की हा तक्ता आठवावा. वाइनचं सॉस, मिरिन (स्वयंपाकातली गोड जपानी तांदळाची दारू), साबायोन (अंडं आणि वाइन घुसळून केलेलं सॉस), रममध्ये भिजवलेला केक, कॉफीबरोबरची चॉकलेटं, कोर्सच्या मधलं सॉर्बे, या जागा विचारून घ्या. पेयांतही दोन चोरवाटा आहेत: अंगोस्तुरा बिटर्स या थेंबांनी वापरायच्या कडू अर्कात 44.7 टक्के अल्कोहोल असतं आणि बारमध्ये त्याचे थेंब 'मॉकटेल'मध्ये सर्रास पडतात. कोंबुचा बाटलीतही आंबत राहतो, आणि 2010 मध्ये अमेरिकेतल्या दुकानांतून तो याच कारणाने मागे घ्यावा लागला होता.

हे सगळं दोन दिवस आधी कळवा, टेबलावर बसल्यावर नाही. सॉसचा अर्क आदल्या दिवशी उतरतो, चहा रात्री भिजतो. ऐनवेळी सांगितलं तर किचनकडे लिंबू-सोड्याशिवाय काही नसतं. दोघांत एक पेअरिंग वाटून घेता येतं का तेही विचारा. निम्मे ग्लास पुरेसे असतात आणि बरीच ठिकाणं हो म्हणतात. किंमत वाइनच्या जवळ जाते म्हणून भुवया उंचावू नका. बाटली फक्त उघडायची असते, ही पेयं रोज बनवायची आणि दोन-तीन दिवसांत टाकायची असतात. अ‍ॅलर्जी सांगताना ग्लासही त्यात धरा, कारण पेयांत सुकामेवा आणि दुधाची निवळी निघू शकते. कोलेस्टेरॉलची काही औषधं चालू असतील तर ग्रेपफ्रूटचं नाव घेऊन विचारा. आणि झोप हलकी असेल तर शेवटच्या तीन पेयांत चहा किती आहे ते आधीच विचारा. आठ छोटे ग्लास चहाचे निघाले तर रात्री दोनपर्यंत छताकडे बघत बसावं लागतं.