‘ब्रुंडिबार’ छळछावणीत रचलेला नाही

‘हान्स क्रासा या ज्यू संगीतकाराने तेरेझीनच्या छळछावणीत तिथल्या मुलांसाठी ‘ब्रुंडिबार’ हा ऑपेरा रचला’, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो. त्यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तो सहज पटतो.

आधी तारखा लावून पाहा. ऑपेरा १९३८चा, प्रागमधला, बालऑपेरांच्या एका स्पर्धेसाठी लिहिलेला. जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या मार्च १९३९मध्ये, तेरेझीनला ज्यूंना डांबायला सुरुवात झाली नोव्हेंबर १९४१मध्ये. पहिला प्रयोगसुद्धा प्रागच्याच ज्यू अनाथालयात, १९४२च्या हिवाळ्यात, लपूनछपून झाला. तोवर क्रासाची रवानगी छावणीत झाली होती.

मग छावणीत घडलं काय? पियानोपुरती स्वरलिपी चोरून आत आली आणि क्रासाने हाताशी असलेले वादक मोजून वाद्यमेळ नव्याने बांधला. व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेटच्या जोडीला चक्क गिटार आणि अकॉर्डियन! २३ सप्टेंबर १९४३पासून पन्नासहून अधिक प्रयोग झाले. गाणारी मुलं पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे जाणाऱ्या गाड्यांत कोंबली जात, त्यांच्या जागी नवी बसवावी लागत. ऑक्टोबर १९४४मध्ये क्रासालाही ऑशविट्झला नेऊन मारलं.

स्वतः पडताळायचं तर ऑपेराच्या माहितीत रचनेचं साल बघा: १९३८, सुधारित आवृत्ती १९४३.