टॅरंटुलाला दिवा कशाला?

नागपुरात टॅरंटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळणारे हौशी थोडेच, पण आहेत. आधी मासे किंवा इग्वाना (मोठा सरडा) पाळून मग कोळ्याकडे वळलेल्यांचा एक समज पक्का असतो: काचेची पेटी आणली की वर दिवा हवाच.

इग्वानाच्या बाबतीत ते बरोबर आहे. अतिनील किरणांमुळे त्याच्या कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होतं, आणि त्यावाचून हाडांना कॅल्शियम मिळत नाही. टॅरंटुलाला मुळात हाडंच नाहीत. त्याचा सांगाडा बाहेरून, कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचा. डोळे आठ, पण सगळे एका बारीकशा उंचवट्यावर दाटीने बसवलेले आणि नजर बेताची. उजेड आहे की अंधार, हे मात्र त्याला नीट कळतं, आणि उजेड झाला की तो आडोसा शोधतो. शिकार तो पायांवरच्या केसांनी आणि जमिनीच्या कंपनांनी हेरतो. दिवस-रात्र कळायला खोलीतला साधा उजेड पुरतो.

दिव्याने बिघडतं ते पाण्याचं गणित. उष्णता देणारा बल्ब पेटीतली हवा कोरडी करतो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा नागपूरची हवा आधीच कोरडी ठाक. त्यात हा बल्ब म्हणजे छळच. टॅरंटुला पोटाखालच्या पुस्तक-फुप्फुसांच्या (पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पापुद्रे असलेल्या श्वसनेंद्रियांच्या) दोन जोड्यांनी श्वास घेतो, आणि तिथून शरीरातलं पाणी उडत राहतं. पाय आत ओढायला त्याच्याकडे स्नायू आहेत, पण पायाच्या दोन मुख्य सांध्यांत तो सरळ करणारा स्नायूच नाही. जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर चालतो, तसा याचा पाय शरीरातल्या द्रवाच्या दाबावर ताठ होतो. पाणी घटलं की दाब घटतो आणि पाय पोटाखाली मुडपायला लागतात. असं दिसलं तर वाटीत लगेच पाणी भरा. उताणा पडलेला टॅरंटुला मात्र बहुतेक वेळा कात टाकत असतो. घाबरून त्याला सरळ करायला जाऊ नका.

दिवा नको म्हणून काही जण पेटीखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, लावतात. माझ्या मते हे दिव्याहूनही वाईट. जंगलात वरची जमीन तापली की बिळात राहणारा कोळी खाली उतरतो, कारण खोल माती गार आणि ओलसर असते. खालून तापणाऱ्या पेटीत तो गारव्यासाठी जितका खोल खणेल, तितका चटक्याच्या जवळ जातो. मॅट लावायचीच तर एका बाजूच्या काचेला, आणि थर्मोस्टॅटसह.

नागपुरात ती वेळ फार तर डिसेंबर-जानेवारीत येते. २०१८ च्या डिसेंबरात इथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, पण बंद घरात एवढी थंडी शिरत नाही. पेटी खिडकीपासून हलवून आतल्या खोलीत ठेवली की बहुधा भागतं. उन्हाळ्यात कूलर असलेली खोली उत्तम, फक्त झोत थेट पेटीवर नको. पायांवरचे ते केस वाऱ्याच्या झुळकीनेही चाळवतात.

तरीही दिवा लावावासा वाटतो तो आपल्या डोळ्यांसाठी, आणि त्यात गैर काही नाही. आंध्रातल्या पूर्व घाटात झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या पोइसिलोथेरिया मेटॅलिका या टॅरंटुलाचा निळा रंग उजेडातच खुलतो. तो रंगद्रव्याचा नाही, केसांमधल्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतताना तयार होतो. (हा कोळी अतिसंकटग्रस्त आहे. २०१९ पासून या वंशाचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमांखाली आहे, त्यामुळे कागदपत्रांशिवाय कोणी विकत असेल तर घेऊ नका.) पेटीत जिवंत रोप असेल तरी थोडा प्रकाश लागतोच. मग कमी वॅटची एलईडी पट्टी पेटीच्या बाहेर, एका टोकाला लावा. दुसरं टोक अंधारात राहू द्या आणि तिथे झाडाची साल किंवा करवंटी ठेवा. रात्री निरीक्षण करायचं असेल तर मंद लाल टॉर्च बरी. लाल उजेड त्याला अगदीच दिसत नाही असं नाही, पण हिरव्या आणि अतिनील प्रकाशाच्या मानाने तो फारच कमी जाणवतो.