मोठीला मुजरा

रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. "मामा, लहान माशाला फेफरं आलंय बघा. नुसतं थरथराय लागलंय. आणि मोठं त्याला माराय लागलंय."

बेळगावात पावसाळ्यात रात्री साडेदहाला टिळकवाडीहून शहापूरला जायचं म्हणजे रेनकोट, छत्री आणि बायकोची बोलणी, तिन्ही अंगावर घ्यावी लागतात. गेलो. बैठकीत टाकी, टाकीत नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउनफिश. ताईनं निकाल आधीच देऊन टाकला होता : "नवरा बायकोला मारतोय."

"ताई, मोठी आहे ती बाई. मार खातोय तो बाप्या."

"मग असू दे," म्हणाली आणि भाकरी थापायला आत गेली.

खोलीतला दिवा मालवून मी टाकीसमोर स्टूल घेऊन बसलो. मोठी मादी दगडाआडून निघाली आणि बाणासारखी लहानावर गेली. लहान पळालाच नाही. तो किंचित कलला, पोट तिच्याकडे केलं आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन सेकंद थरथरला. मादी त्याच्यापासून बोटभर अंतरावर थांबली आणि वळून निघून गेली. मिनिटभरानं पुन्हा तेच. मी त्याचे पर नीट पाहिले, कुठे फाटलेले नव्हते. टाकलेला दाणा त्यानं झटक्यात उचलला. भाच्याला म्हटलं, "फेफरं नाही रे हे. मुजरा करतोय तो."

या माशांच्या घरात सगळा कारभार आकारावर चालतो. समुद्रात एका समुद्रफुलाच्या (सी ॲनिमोन, दिसायला फुलासारखा पण खरं तर प्राणीच) आसऱ्याला एक छोटी टोळी राहते. सर्वांत मोठी ती मादी, दुसऱ्या नंबरचा नर. बाकीचे लहान मासे ना नर ना मादी, नुसते रांगेत उभे. मादी मेली की नर हळूहळू मादी होतो आणि रांगेतला पहिला नराच्या जागी सरकतो. उलटा प्रवास मात्र नाही. एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. टाकीतल्या बहुतेक मारामाऱ्यांची गोम इथेच आहे.

पीटर बस्टन या संशोधकानं पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात या टोळ्या मोजल्या. 2003 साली त्यानं मांडलेली गोष्ट मला अजून थक्क करते. प्रत्येक मासा आपल्या वरच्यापेक्षा ठरावीक अंतरानं लहान राहतो, साधारण त्याच्या चार पंचमांश. अन्न नाही म्हणून तो खुरटत नाही, आपली वाढ तोच आवरून धरतो. वरच्याच्या मापाच्या जवळ पोचलेला मासा म्हणजे गादीवर डोळा असलेला मासा, आणि त्याला मार बसतो, प्रसंगी घराबाहेर काढलं जातं. समुद्रफुलाबाहेर या पोहण्यात कच्च्या जिवाला कोणीही गिळतं. तेव्हा लहान राहणं हाच त्याचा जीव वाचवायचा उपाय. वरची जागा रिकामी झाली की हाच मासा भराभर वाढतो.

मुजऱ्याला आवाजही असतो, आपल्याला काचेबाहेर तो सहसा ऐकू येत नाही एवढंच. क्लाउनफिश खालचा जबडा झटकन मिटून दातांवर दात आपटतो आणि टक् टक् करतो, हे बेल्जियममधल्या संशोधकांनी 2007 साली दाखवलं. धाव घेतानाचा आवाज वेगळा, थरथरतानाचा वेगळा. शिवाय मासा जितका मोठा तितका आवाज खर्जातला. म्हणजे अंधारात, दगडाआडूनही समोरचा किती मोठा आहे ते नुसत्या कानानं कळतं. आपल्याकडे गल्लीत नुसत्या खोकण्यावरून थोरले काका आलेत हे ओळखतात, त्यातलाच प्रकार.

आता माझी फजिती. चार वर्षांपूर्वी मी स्वतःची टाकी मांडली तेव्हा दुकानात अर्धा तास उभा राहून अगदी सारख्या मापाचे दोन मासे निवडले. जोड म्हणजे कसा, कुड्यांसारखा जुळला पाहिजे! दुकानदारानं दोन्ही वेगवेगळ्या टाक्यांतून काढून दिले, याकडे माझं लक्षच गेलं नाही. जीवशास्त्र शिकवण्यात उभी हयात गेलेल्या माणसाचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं जबड्यात जबडा घालून टाकीभर गरगरत होते. पाचव्या दिवशी एक वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे, पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून उभा, शेपटीची लक्तरं झालेली. संध्याकाळी गेला. त्या पाच दिवसांत कोणीही एकदासुद्धा थरथरलं नव्हतं. दोघंही आपापल्या टाकीत एकटे राजे होते, वरचढ असं कोणी त्यांनी पाहिलेलं नव्हतं. एकट्या राहिलेल्या माशाचा कल मादी होण्याकडे असतो. प्रयोगशाळेत असंही दिसलंय की हा बदल मेंदूत आधी होतो आणि शरीरातल्या जननग्रंथी त्यामागून बऱ्याच सावकाश बदलतात. तेव्हा दिसायला बारीक मासासुद्धा मनानं पाटलीण झालेला असू शकतो.

म्हणून मी आता टाकीवाल्यांना एकच विचारतो : थरथरतंय का कोणीतरी? एक धाव आणि एक थरथर असा हिशोब जुळत असेल तर पाठलाग, एखादी टोच, दगडाजवळून हुसकणं हे सगळं चालू द्यावं. पहिले काही आठवडे हे रोज होतं. थरथरूनही मार थांबत नसेल, पर फाटत असतील, लहान मासा खायला खाली येत नसेल, कल्ले धापा टाकल्यासारखे हलत असतील, तर त्याच दिवशी वेगळं करायचं.

वेगळं कोणाला करायचं? सगळे मार खाणाऱ्याला उचलतात, दया येते म्हणून. उचलायचं मारणारीला. भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा त्याच टाकीत टांगायचा आणि तिला त्यात ठेवायचं. पाणी तेच राहतं, दोघांना एकमेकं दिसतात, पण आठवडाभरात सगळी टाकी लहानाच्या पायाखालची होते, माशाला पाय असते तर. तिला सोडायच्या आधी दगडांची मांडणी बदलायची, म्हणजे तिचा जुना कोपराच नाहीसा होतो. सोडायचं रात्री, दिवा बंद करून. हे दोनतीनदा करूनही जमलं नाही तर जोडी मोडायची आणि मोठीसाठी अगदी लहान, बोटाच्या पेरापेक्षा थोडंच मोठं पिल्लू आणायचं. तिसरा मासा "मध्यस्थ" म्हणून आणायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. दोघं जमतात आणि तिसऱ्याला संपवतात. मरून क्लाउन नावाची जात तर जोडीदाराच्या बाबतीतही फार तापट. नवशिक्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

भाच्याच्या टाकीला आणखी एक आजार होता, तो माशांचा नव्हता. चाळीस लिटरच्या टाकीत लपायला एकच दगड. मी किमान ऐंशी लिटर सांगितलं आणि दोन दगड वाढवायला लावले. पाण्याचंही तेच. गोव्याचा समुद्र चोर्ला घाटानं तीनेक तासांवर, म्हणून हा कॅन भरून पाणी आणायचा. पावसात किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि अळणी झालेलं असतं. त्यापेक्षा आरओच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम समुद्री मीठ मिसळलेलं बरं. टाकीसाठीच तयार मिळतं ते, स्वयंपाकाचं नव्हे. आणि डिसेंबरातल्या आपल्या थंडीत हीटर हवाच. मासा 25-26 अंशांचा, आपली रात्र कधी 15 च्याही खाली.

सव्वा वर्षानं पुन्हा फोन. "मामा, मोठं मला चावलं!" काच पुसायला हात घातला तर मादीनं बोटाला धरलं होतं. दुखत नाही, पण दचकायला होतं. मी विचारलं, दोघं एखादी जागा घासून साफ करतात का? म्हणाला, कोपऱ्यातली फरशी रोज तोंडानं घासतात.

दोन दिवसांनी गेलो तेव्हा त्या फरशीवर शेवेच्या तुकड्यांसारखी नारिंगी अंडी चिकटलेली. लहान, म्हणजे बाप, परांनी त्यांना वारा घालत होता, मधूनच एखादं खराब अंडं वेचून खात होता. अंडी सहा ते दहा दिवसांत, दिवे गेल्यावर अंधारात फुटतात. आमच्याकडे ती आठव्या रात्री फुटली. पिल्लांना लागणारे डोळ्यांना न दिसणारे जीव आमच्यापाशी नव्हते, त्यामुळे त्यांतलं एकही जगलं नाही. भाचा दोन दिवस गप्प होता.

त्या भेटीत मादी फरशीजवळ आली तेव्हा नरानं वारा घालणं थांबवलं, कलला, दोन सेकंद थरथरला आणि पुन्हा कामाला लागला. ताई मागे उभी राहून बघत होती. "अजून भितोय होय तिला," एवढंच म्हणाली.