मे महिन्यातही तान्ह्या बाळाला वरचं पाणी नको

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की घरोघरी बोंडलं बाहेर निघतं. "लेकराचा घसा सुकतोय, दोन चमचे पाणी पाज," असं आजी म्हणते. तिच्या बोलण्यात मायाच असते, पण समज चुकीची आहे.

आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं. त्यामुळे पहिले सहा महिने कडक उन्हाळ्यातही बाळाची तहान अंगावरच्या दुधानेच भागते. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते.

वरच्या पाण्याने नुकसान मात्र होतं. बाळाचं पोट एवढंसं. ते पाण्याने भरलं की बाळ दूध कमी ओढतं. ओढणं कमी झालं की दूधही कमी तयार होतं, आणि मग "हिला दूधच पुरत नाही" म्हणून त्या बाईलाच बोल लागतो. हे मला फार अन्यायाचं वाटतं. शिवाय पाणी किंवा बोंडलं अस्वच्छ असेल तर जुलाब ठरलेले.

बाळ उन्हाळ्यात वारंवार मागतं, थोडंथोडं पितं. मागेल तेव्हा पाजा, रात्रीसुद्धा. पाण्याचा तांब्या आईजवळ ठेवा, तहान तिला लागते. पहिल्या आठवड्यानंतर दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा फिकट लघवी होत असेल, वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. लघवी कमी झाली, बाळ सुस्त पडलं किंवा अंग तापलं तर घरी पाणी पाजत न बसता लगेच दवाखाना गाठा.