वायर काढून अल्टरनेटर तपासू नका

‘ट्रॅक्टर चालू ठेवा, बॅटरीची वायर काढा; इंजिन बंद पडलं नाही तर चार्जिंग ठीक.’ रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात हा सल्ला अजून चालतो. डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की बहुधा बॅटरीशिवायही चालतंच, मग कळलं काय? शिवाय वायर सुटताच व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचे (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) डायोड आणि व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर जळू शकतात. अल्टरनेटरआधीच्या जुन्या डायनामोच्या काळातली ही खोड.

मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) बॅटरीच्या प्लस-मायनसला लावा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन १५०० आरपीएमवर नेलं की १३.८ ते १४.५ हवेत. आकडा वाढलाच नाही, तर आधी अल्टरनेटर फिरवणारा पट्टा पाहा. मग इंजिन सुरू न करता चावी फिरवून डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा दिवा पाहा. तो लागतच नसेल तर बहुधा बल्ब किंवा फ्यूज गेलेला असतो, आणि बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच दिव्यातून मिळतो. पन्नास रुपयांच्या बल्बपायी अख्खा अल्टरनेटर बदलला जातो!

लाइट लावून, इंजिन चालू ठेवून अल्टरनेटरचं जाड टर्मिनल आणि बॅटरीचा प्लस यांत मीटर लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक म्हणजे वायर किंवा लग (वायरच्या टोकाची धातूची पकड) खराब; त्यावरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवा. बॅटरीवरचा आकडा १५ व्होल्टच्या वर गेला तर रेग्युलेटर गेला. मग जळगावच्या उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी आणखीच झपाट्याने आटतं.